वाडीचा वळसा

सकाळी कंपनीच्या बसमध्ये माझ्याशी कुणी बोलत नसे. चहा पोटात गेल्याशिवाय माझं डोकं ताळ्यावर येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कासारसाईहून निघालेली आमची बस घोटावड्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून एका वाडीत शिरायची आणि मी तिथेच भडकायचो. अरुंद रस्ता, समोर ट्रॅक्टर, बस मागे घ्या, पुढे घ्या. हे सगळं कशासाठी? तर पॅकिंगमधल्या एका मावशींसाठी! रोजची बारा मिनिटं त्यात जायची.

एक दिवस मी उठून उभाच राहिलो. कॉलेजात नीतिशास्त्राच्या पेपरात 'जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख' यावर पानंच्या पानं लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. परभणी सोडून पिरंगुटला क्वालिटीत नोकरी धरल्यावर त्या शिक्षणाचा काही उपयोग झाला असेल, तर तो त्या दिवशी. म्हटलं, "चाळीस जणांची रोज बारा मिनिटं, म्हणजे आठ तास! एका माणसाची अख्खी शिफ्ट रोज या वळशात वाया जाते. वळसा बंद केला तर चाळीस जणांचं भलं आहे. करा हात वर." मावशींना फाट्यापर्यंत पंचवीस मिनिटं चालावं लागेल, ती मी मनातल्या मनात वजाही केली होती. तरी उत्तर आमच्याच बाजूचं येत होतं, म्हणून ते काही बोलून दाखवलं नाही.

सगळे हात वर झाले. दारालगतच्या सीटवरून मावशींचाही झाला. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

घरी बायकोला ऐटीत सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांच्या घरी काय आहे, विचारलंत का?" मी खेकसलो, "प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतंच."

मावशींच्या घरी अर्धांगवायू झालेला नवरा होता. त्याला पुसून, कपडे बदलून, भरवून त्या निघायच्या. आता आधी निघायचं, तर एवढा वेळ आणायचा कुठून? पॅकिंगच्या सुपरवायझरकडून मला हे कळलं, तोवर त्यांची चारदा बस चुकली होती. तेव्हा तरी मी 'वळसा पुन्हा सुरू करा' म्हणायला हवं होतं. पण म्हणालो नाही. वळसा वाचल्यामुळे बस आता बारा मिनिटं उशिरा निघायची आणि मला माझी झोप प्यारी होती. दोन महिन्यांत मावशींची नोकरी सुटली.

त्यानंतर ते गणित मी कितीदा तरी मांडलं. एका माणसासाठी चाळीस जणांनी रोज का खोळंबायचं, याला माझ्याकडे अजूनही धड उत्तर नाही. बेरीज बरोबर येते आणि तेच मला डाचतं. चाळीस जणांच्या झोपेचे तुकडे जोडले की आठ तास होतात खरे, पण ते आठ तास सलग कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. माझ्या वाट्याची बारा मिनिटं मी अंथरुणात फोन चाळत घालवतो. मावशींची गेली ती शिफ्ट मात्र अख्खी, खरीखुरी होती.

परवा पिरंगुटच्या बाजारात त्या मेथी निवडून घेताना दिसल्या. मी तोंड चुकवून सटकणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली, "सर, बरं हाय न्हवं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. न राहवून विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही हात का वर केलात हो? नाही म्हणायचं होतं की."

"तुमी म्हणला न्हवं, चाळीस जणांचं भलं हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्या चाळिसात मीबी हाय. माझीबी काय तरी सोय धरली आसंल सरांनी."

बसमध्ये आम्ही एक्केचाळीस होतो.