वहीत न लिहिलेली वेबसाइट

गेल्या महिन्यात आमचे माजी जिल्हा परिषद सदस्य, ज्यांना सगळे दादा म्हणतात, धसईला माझ्या घरी आले, ओटीवरच्या खुर्चीत बसले आणि माझ्यापुढे एक कोरी वही ठेवली.

"काका, पुन्हा उभा राहतोय. खर्चाची वही तुमीच सांभाळायची."

"आता डोळ्यांना दिसत नाही," मी म्हणालो.

"पेपर तर रोज वाचता! आन ती सापगावची पोरगी, तिला सांगा ना, मागच्यासारखी वेबसाइट करून दे. झालंगेलं इसरून जा म्हणावं."

नुकसान झालं होतं तिचं, आणि केलं होतं मी. ते गेले, वही ओटीवर राहिली.

मी विकास सोसायटीचा सेक्रेटरी होतो. उभा जन्म हिशेब लिहिण्यात गेला, म्हणून मागच्या निवडणुकीत प्रचाराच्या खर्चाची वही माझ्याकडे आली. ती तहसील कार्यालयात दाखवावी लागते. चहा, वडापाव, गाडीचं डिझेल, मंडप, सगळं त्यात यावं लागतं. कोणी एखादी गोष्ट फुकट दिली तरी तिची बाजारभावाने किंमत लिहायची. मला नियम माहीत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. तो समजावून सांगायला बोलावलं होतं तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

ती मुलगी धसईची माहेरवाशीण, सापगावला दिलेली. शहापुरात एका शाळेची खोली भाड्याने घेऊन कॉम्प्युटर क्लास चालवायची. मीच तिच्याकडे गेलो. आपल्या माणसासाठी वेबसाइट करशील का, असं विचारलं. तिने आठवड्यात केली. कुठल्या पाड्यावरची विहीर आटली, कुठे एसटी फिरकत नाही, हे लोक मोबाइलवरून त्या वेबसाइटवर लिहू लागले. वेबसाइटसाठी इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यावी लागते, हे मला तिच्याकडूनच कळलं.

"शेत खंडानं घेतात ना काका, तसंच. फक्त हितं भात नाय पिकत," ती हसून म्हणाली. ते भाडं तिने आणि क्लासातल्या तिघींनी वर्गणी काढून भरलं.

मी ते वहीत लिहिलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आमच्याकडे भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, सावड असते. आज तुम्ही माझ्या शेतात राबता, उद्या मी तुमच्या. त्याची मजुरी कोणी मांडत नाही, मांडली तर समोरच्याला अपमान वाटतो. वेबसाइट मी सावडीत धरली. वडापावाचं बिल येत होतं म्हणून वडापाव वहीत चढला.

आमचा माणूस निवडून आला. हरलेल्यांनी तक्रार केली की वेबसाइटचा खर्च लपवला. मला आणि उमेदवाराला मुरबाडला तहसील कार्यालयात बोलावलं. तिथले साहेब थकलेले होते, बोलणं सभ्य होतं.

"ही वेबसाइट उमेदवाराला माहीत होती का?"

रक्कम इतकी किरकोळ होती की वेळीच एक ओळ लिहिली असती तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. पण 'हा खर्च खरा व पूर्ण आहे' या वाक्याखाली सही झाली होती. माहीत होती म्हणावं तर वही खोटी ठरत होती आणि जागा धोक्यात येत होती. मी म्हणालो, "नाही साहेब. त्या बाईंनी परस्पर केली."

उमेदवाराने टेबलाखालून माझा पाय दाबला, असं मी पुढे काही जणांना सांगितलं आहे. ते खरं नाही. उमेदवार खिडकीकडे बघत होते. कोणीही मला काही सुचवलं नव्हतं.

साहेबांनी माझा जबाब लिहून घेतला आणि मग नियम वाचून दाखवला. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी त्याच्या प्रचारावर खर्च केला, तर गुन्हा त्या दुसऱ्याचा. ते ऐकूनही मी सही केली.

तिला पोलीस ठाण्यात जावं लागलं. दंड थोडाच झाला. पण शाळेने 'केसवाली बाई नको' म्हणून खोली काढून घेतली. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून घरी गेले. सासरे म्हणाले, "आमच्या घरातलं कोनी चौकीची पायरी नव्हतं चढलं गो." ही वाक्यं मला तिच्या आईने ऐकवली. ती स्वतः कधी जाब विचारायला आली नाही. शिमग्याला माहेरी आली की मी दुसऱ्या आळीने जायचो.

गेल्या महिन्यात ओटीवर राहिलेली ती कोरी वही मी दुसऱ्या दिवशी परत पाठवली आणि जबाब लिहायला बसलो. दोन पानं झाली. त्यांत लिहिलं की वेबसाइट करायला मीच तिला सांगितलं, उमेदवाराला सगळं माहीत होतं, मी खोटं बोललो. ती पानं घेऊन मुरबाड, तिथून शहापूर, मग सापगाव, अशा गाड्या बदलत गेलो. ती आता ओटीवर झेरॉक्सचं मशीन चालवते. तिने उभ्याउभ्याच दोन्ही पानं वाचली.

"काका, यात एक ऱ्हायलंय."

"काय?"

"मी तुमच्याकडं दादांच्या सहीचं पत्र मागितलं होतं. नियम वाचला होता मी. तुमी काय म्हणालात?"

मला आठवत होतं. कधी विसरलोच नव्हतो. 'अगं, आपल्यात कागद कशाला? सावडीला काय कोणी पत्र लिहून घेतं?' असं मी म्हणालो होतो आणि तिने माझ्या वयाकडे बघून विषय सोडला होता. जबाब लिहिताना मी त्या वाक्यापाशी येऊन थांबलो होतो आणि ते वगळून पुढे गेलो होतो. ते वाक्य नसलं की आम्ही दोघंही सारखेच अडाणी दिसत होतो.

"लिहितो," मी म्हणालो.

"लिहा. आन मोठ्यानं वाचत लिहा. आमचे मामंजी आत बसलेत."

मी तिच्या टेबलावर वाकून तिसऱ्या पानावर लिहू लागलो. एकेक शब्द मोठ्याने म्हणत होतो. आत टीव्हीचा आवाज कमी झाला. लिहून झाल्यावर तिने तिन्ही पानं मशीनमध्ये घातली.

"हे मुरबाडला द्या. झेरॉक्स माझ्याकडं ऱ्हाईल."

मी संकोचत खिशात हात घातला. मला वाटलं, नको म्हणेल.

"तीन पानांचे सहा," ती म्हणाली आणि नाणी मोजून गल्ल्यात टाकली.