दुपारच्या बुलेटिनमधली मोकळी जागा

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण लिहायला नाही, हसायला. कुणाच्या मामाला पांदीत हाक ऐकू येते, कुणाला चिंचेखाली बाई दिसते... मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं खुसखुसत बसायचो. मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे. आमची आई अमावास्येला दाराला लिंबू-मिरची बांधायची आणि मी ते लिंबू सोडून सरबत करून प्यायले आहे. आई तेलुगूत जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. सांगायचा मुद्दा, या विषयात मी पूर्ण वाया गेलेली बाई आहे. तरीही लिहिते आहे, कारण गेलं वर्षभर एक गोष्ट गळ्याशी अडकून बसली आहे आणि घरी सांगितली की नवरा नुसता माझ्याकडे बघत राहतो.

मी सोलापुरात एका विद्यापीठात नोकरीला आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. कॅम्पस गावाबाहेर, चारी बाजूंनी उघडा माळ, सावली म्हणाल तर कडुलिंबाची आणि इमारतींची. तिथे आमचा एक छोटा स्टुडिओ आहे – एक टेबल, एक माइक, भिंतींना जुनं कार्पेट ठोकलेलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आधी तिथून बुलेटिन जातं. कँटीन, लायब्ररीचा पोर्च, मुलींचं होस्टेल, बसस्टॉप, सगळीकडे स्पीकर आहेत. आधी मी कार्यक्रम वाचायचे. अमुक विभागात व्याख्यान, तमुक दिवशी स्नेहसंमेलनाची निवड चाचणी, वगैरे. मग आरोग्याचा सल्ला. तो कमल सिस्टर सांगायची.

कमल आमच्या आरोग्य केंद्रातली नर्स. माहेर मंद्रूपकडचं, लेक पूजा लहान असतानाच नवरा गेलेला, मायलेकी कॅम्पसवरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. तिला कागद दिला तर वाचता वाचता अडखळायची, म्हणून कागद द्यायचा नाही असं ठरलं होतं. ती आपली समोर बसलेल्या पोरीशी बोलावं तशी बोलायची. "ऊन लई हाय, बाटली संगं ठेवा." "कोल्ड्रिंक म्हंजे पाणी न्हवं." मोठमोठ्या प्राध्यापकांच्या भाषणाला जी पोरं जांभया देतात, ती सिस्टरचं ऐकायला कँटीनमध्ये गप्प बसायची.

आणि तिची एक कायमची चूक होती. बोलणं संपलं की माइक बंद व्हायच्या आधीच ती माझ्याकडे वळायची आणि म्हणायची, "चल अरुणा, भाकरी गार व्हायलीय." लाल दिवा चालू असायचा. सगळ्या कॅम्पसला ऐकू जायचं. मी सुरुवातीला डोळे वटारले, नंतर कपाळावर हात मारला, नंतर सोडून दिलं. कारण तोवर तीच जेवणाची घंटा झाली होती. कँटीनचे शिवाप्पा अण्णा ते वाक्य आलं की थाळ्या वाढायला घ्यायचे. आम्ही मग तिथेच टेबलावर डबे उघडायचो. तिची कडक भाकरी आणि कच्च्या पालेभाजीचा घोळाणा, माझा आमटी-भात. रोज माझ्या डब्याला नावं ठेवायची आणि रोज अर्धा खायची.

बुलेटिन लाइव्ह जायचं. रेकॉर्ड करून ठेवू या असं मी एकदा म्हटलं होतं, तर म्हणाली, "कशाला रेकॉर्ड करायलीस? उद्या बी येणारच हाय की मी."

मागच्याच्या आधीच्या पावसाळ्यात तिचं रक्ताचं दुखणं निघालं. पोरांनी तिच्यासाठी रांगा लावून रक्त दिलं. हॉस्पिटलच्या जिन्यात आमच्या पोरांची इतकी गर्दी असायची की वॉचमन ओरडायचा. काही उपयोग झाला नाही. दिवाळीच्या आधी ती गेली. मी इथे जास्त लिहीत नाही, मला अजून जमत नाही.

क्वार्टर सोडावं लागलं आणि पूजा मुलींच्या होस्टेलला आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. आईची संकष्टी तिनं स्वतःकडे घेतली. पण खरं सांगायचं तर संकष्टी एकच दिवस असते, ही पोरगी रोजच उपाशी. मेसच्या बाई सांगायच्या, ताट घेते आणि तसंच ठेवून उठते. गालाची हाडं वर आली. मी घरी बोलावलं, समोर बसून वाढलं, तर माझा मान राखायला दोन घास खायची आणि बेसिनकडे जायची. तिला असं संपत जाताना बघणं मला कमलच्या जाण्याइतकंच जड जात होतं. आणि माझं तरी काय वेगळं होतं? स्टुडिओत डबा उघडायचं मी बंदच केलं होतं. न्यायचा आणि संध्याकाळी तसाच परत आणायचा.

एक दिवस पूजानं मला विचारलं, "मावशी, तुमच्याकडं आईचा आवाज असंल की. इतकी वर्षं बोलली ती." मी काय सांगणार? फोनमध्ये शोधून झालं होतं. कमलला व्हॉइस मेसेज पाठवता यायचा नाही, आणि कुणाच्या तरी लग्नातल्या व्हिडिओत ती हसताना दिसते, पण मागे डीजे इतका दणाणतोय की शब्द कळत नाही. रोज सगळ्या कॅम्पसला ऐकू जाणारा आवाज, आणि तो कुठेच उरला नव्हता. पूजा बरं मावशी म्हणाली आणि गेली. त्या दिवसापासून मी प्रत्येक बुलेटिन रेकॉर्ड करायला लागले. आता त्याचा काय उपयोग, ते मलाही माहीत होतं.

आरोग्याच्या सल्ल्याच्या जागी मी गाणं लावायचे. दुसऱ्या कुणाला त्या खुर्चीत बसवायची माझी तयारी नव्हती.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा विद्यार्थ्यांनी ठरवलं की सिस्टरच्या आठवणीत रक्तदान शिबिर घ्यायचं. पूजानं सगळ्यात आधी नाव दिलं. आईला जेवढं रक्त मिळालं त्यातलं थोडं तरी मी परत करणार, असं तिचं म्हणणं. तिच्या अंगात रक्त आहे तरी किती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्टुडिओत एकटी होते. कार्यक्रम वाचले. शेवटी शिबिराची सूचना होती – उद्या सकाळपासून, आरोग्य केंद्रात, "दिवंगत कमल सिस्टर यांच्या स्मरणार्थ". ते "दिवंगत" तोंडातून निघालं आणि मी तिथेच थांबले. गाणं लावायचं होतं, हात उठेना. लाल दिवा चालू. मी नुसती तिच्या खुर्चीकडे बघत बसले. माझ्या अंदाजानं दोन-चार श्वास गेले असतील. मग माइक बंद केला, डोळे पुसले आणि म्हटलं, झाली आज शोभा.

एक सांगायला हवं. माइक चालू असला की स्टुडिओतला स्पीकर आपोआप बंद होतो, नाहीतर शिट्टी वाजते. म्हणजे बाहेर काय ऐकू जातंय ते आत बसलेल्या माणसाला कळत नाही. आणि भिंतींना कार्पेट, त्यामुळे बाहेरचंही आत येत नाही.

मी दार उघडलं तर समोर शिवाप्पा अण्णा. पळत आलेले, हातात डाव तसाच. म्हणाले, "मॅडम, सिस्टरचं जुनं लावला काय तुमी? मी थाळ्या वाढायला घेतलो आणि मग ध्यानात आलं, सिस्टर तर न्हाईत की."

मी म्हटलं, अण्णा, मी काहीच लावलेलं नाही.

"असं कसं? तुमी बोलत हुता की त्यांच्यासंगं."

मला राग आला. असल्या गोष्टीची कुणी चेष्टा करावी? पण अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांच्या मागून लायब्ररीतल्या दोघी-तिघी, होस्टेलच्या पोरी, सगळ्या येत होत्या. कुणी हसत नव्हतं. मी एकेकीला वेगळं घेऊन विचारलं, आमचा मास्तरी स्वभाव. सगळ्यांनी जवळजवळ तेच सांगितलं. शिबिराची सूचना झाली, थोडी खरखर, आणि मग सिस्टर. "उद्या रक्त द्यायला उपाशीपोटी येऊ नका. उद्या संकष्टी हाय. उपास असंल त्या पोरींनी उद्या यायचंच न्हाई, फुडच्या बारीला यायचं. देव काय रागवत न्हाई."

मी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं. दुसऱ्या दिवशी खरोखरच संकष्टी होती. तारीख ठरवताना कुणीच बघितलं नव्हतं, मीही नाही. दर वेळी ते कमल बघायची. शिबिराची तारीख घेऊन कुणी आलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं का. उपास धरून रक्त द्यायला येणाऱ्या आणि चक्कर येऊन पडणाऱ्या पोरी तिनं फार सावरल्या होत्या.

"आणि शेवटी?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

होस्टेलची एक पोरगी म्हणाली, "शेवटी तुम्हालाच बोलल्या मॅडम. 'अरुणा, जेवत न्हाईस व्हय? जेव की गं.'"

माझा डबा बंद पडून असतो, हे माझ्या नवऱ्यालाही नीट माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, मी कँटीनमध्ये खाते.

तेवढ्यात पूजा आली. होस्टेलच्या व्हरांड्यात तिनं ऐकलं होतं. चप्पलही घातली नव्हती, आणि जमीन तर तापलेली. ती रडत नव्हती. माझा हात धरून एवढंच म्हणाली, "मावशी, रेकॉर्ड केलंय न्हवं?"

केलं होतं. मी बाकीच्यांना बाहेर थांबवलं, दार लावलं आणि आम्ही दोघी ऐकायला बसलो.

माझा आवाज. व्याख्यान, निवड चाचणी, शिबिर, दिवंगत. मग शांतता. पंखा, माझं नाक ओढणं, बाकी काही नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा ही शांतता खूप लांब होती... दोन-चार श्वास नाही, चांगला एक आरोग्य-सल्ला बसेल एवढी. पूजाचा चेहरा बघवेना. मी बंद करायला हात पुढे केला.

आणि त्या शांततेच्या शेवटी माझा आवाज आला. अगदी साधा, रोज डबा उघडताना असायचा तसा.

"जेवते गं, कमल."

मी हे बोलल्याचं मला आठवत नाही. आजही नाही.

पूजानं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी शांतता सुरू झाली तशी तिनं डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले, ती आईचे शब्द त्या जागेत बसवत होती. बरोबर बसत होते. मग ती रडली, आई गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला तशी रडताना पाहिलं. बऱ्याच वेळानं मी डबा उघडला. आमटी-भात गार झाला होता. आम्ही दोघींनी एकाच डब्यात खाल्लं. तिनं डब्याला नावं ठेवली नाहीत, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी शिबिराला मुली कमी आल्या. आलेल्या सगळ्या नाश्ता करून आलेल्या. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, कुणी सांगितलं होतं? सिस्टरनी, असं पोरी म्हणाल्या. डॉक्टर बाहेरगावचे, त्यांना वाटलं असेल कुणीतरी सिस्टर. पूजा त्या दिवशी आली नाही. पुढच्या शिबिराला आली तेव्हा अंग धरलं होतं, रक्त तपासून घेतलं आणि दिलंही.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी करून बसले आहे. इंजिनिअरला बोलावून वायरिंग तपासलं. मधून कुणी आवाज सोडला असेल तर रेकॉर्डिंगमध्ये यायला हवा होता, असं तो म्हणतो, आणि तिथे तर नुसता पंख्याचा आवाज आहे. जुनं रेकॉर्डिंग असतं तर मीच धावत जाऊन पूजाला दिलं असतं. आमचे एक सर म्हणतात, सामूहिक भास. असेल. मला भास चालेल. पण सगळ्यांना एकाच वेळी संकष्टी कशी आठवली, हे सरांना सांगता येत नाही. आणि माझं मलाच एक कळत नाही, जे मी ऐकलंच नाही, त्याला मी उत्तर कसं दिलं.

आरोग्याचा सल्ला आता मीच सांगते. कागद न घेता. संपला की लगेच माइक बंद करत नाही, थोडी थांबते. पुन्हा तसं काही झालेलं नाही.

पूजा आता पुण्यात नोकरीला आहे. त्या रेकॉर्डिंगची कॉपी तिच्या फोनमध्ये आहे. जेवायला बसताना कधी कधी लावते म्हणते. आई बोलते तेवढी जागा आहे मावशी त्यात, असं म्हणाली मला. तिला तिथे आवाज आठवतो, तिनं तो ऐकला होता. अण्णांनी ऐकला, पोरींनी ऐकला, बसस्टॉपवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनी ऐकला. कमलच्या सगळ्यात जवळ मी बसले होते, आणि माझ्याकडे फक्त माझं उत्तर आहे.