अक्षरी रुपये फक्त

मंडळी, फुकट वाटलेला कोडही फुकट पडत नाही. आज माझं जेवण राहिलं, आणि जिंतूरच्या सलीमचं गिऱ्हाईक जाता जाता वाचलं.

पावतीवरचा आकडा मराठी अक्षरांत लिहिणारा माझा छोटा कोड सकाळी पॅकेज करून सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकला. इथंच मिरवलं होतं, एक ओळ टाका, जगात कुठंही चालेल.

दुपारी सलीमचा फोन. तो बियाण्याच्या दुकानात माझा कोड घातलेलं आपलं बिलाचं सॉफ्टवेअर दाखवत होता. "भाऊ, 'अक्षरी रुपये'च्या पुढं थेट 'फक्त' यायलंय. मधले शब्द कुठंयत?"

मागून दुकानदार पुटपुटला तेही मला ऐकू आलं, "राहू द्या, हातानंच लिहितो."

म्हटलं, "सलीम, त्याला चहा पाज, पण उठू देऊ नको."

शंभरापर्यंतच्या आकड्यांच्या शब्दांची फाईल पॅकेजात भरायचीच राहिली होती. इथं सेलूत माझ्या कॉम्प्युटरवर ती आधीपासून होती, म्हणून माझं चालत होतं. सगळं पुसलं, परक्यासारखं नव्यानं बसवून बघितलं, मगच पुन्हा टाकलं.

सलीमचा पुन्हा फोन, "आलं भाऊ. घेतो म्हणतोय."

तुम्ही आपलं काम परक्याच्या मशीनवर तपासता का?

माझं पॅकेज सध्या सेलू आणि जिंतूर, इतक्याच ठिकाणी चालतंय.