दगडाला वेळ देणाऱ्या प्रमिलाताई

डॉ. प्रमिलाताई निरगुडे यांची ओळख मला पंचकुल्यातल्या एका हळदीकुंकवात झाली. वाण म्हणून त्यांनी प्रत्येकीच्या हातावर करड्या भुकटीची पुडी ठेवली. यजमानांच्या बदलीमुळे मी नुकतीच साताऱ्याहून चंडीगडला आले होते. रांगोळीच असणार, असं धरून दुसऱ्या दिवशी दारात कमळ काढून मोकळी झाले! ताई तेवढ्यात शेजारणीकडे आल्या होत्या. "अगं बाई, ही कुंडीत घालायची," म्हणत त्या जिन्यातच बसल्या आणि त्यांनी मला समजावलं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मातीत उतरतं, तिथे खडकाच्या बारीक भुकटीशी त्याची गाठ पडते आणि तो वायू पाण्यात विरघळून अडकून पडतो. मी रसायनशास्त्र शिकलेय हे कळताच हुकूम सुटला, "सोमवारपासून ये."

मृदाशास्त्राच्या प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर ताईंनी हा प्रयोग हाती घेतला होता. खर्च एका कंपनीचा, शेत चंडीगडपासून जवळच असलेल्या खरड गावाशेजारच्या हरजिंदरसिंगजींचं. अर्ध्या शेतात भुकटी पसरायची, अर्धं तसंच ठेवायचं. दोन्हींतल्या फरकावरून दगडाने किती वायू अडवला ते कळणार होतं.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मातीचे नमुने घ्यायला गेलो, तर सरदारजी हसत सांगतात, "बची हुई मैंने उधर भी डाल दी, डॉक्टर जी. आधा खेत भूखा रखूँ? लंगर से कोई भूखा उठता है क्या?"

माझं डोकंच फिरलं. दोन हंगामांची मेहनत मातीत गेली होती! मी तोंड उघडणार तोच ताईंनी माझा हात दाबला. सरदारजींच्या घरी बसून त्यांनी मोहरीच्या पाल्याचं 'साग' आणि मक्याची रोटी मागून मागून खाल्ली आणि मग शांतपणे त्यांना चूक समजावली. त्या भल्या माणसाचे डोळे भरून आले.

पुढच्याच आठवड्यात सेक्टर १७ मध्ये कंपनीची बैठक होती. आकडा दिला तर प्रयोग पुढे चालणार, नाही तर बंद. सरदारजींची चूक आमच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती आणि पीक तर झकास दिसत होतं. ताईंनी उभं राहून सगळं सांगून टाकलं. सरदारजींचं नाव मात्र घेतलं नाही. "देखरेख माझी होती," एवढंच म्हणाल्या. "मॅडम, अंदाज ही बता दीजिए," कंपनीच्या साहेबांनी गळ घातली. ताई म्हणाल्या, "अंदाज से हवा साफ नहीं होती, जी."

प्रयोग बंद पडला. घरी आल्यावर मी रडले. ताई मात्र माझ्या लेकीशी गप्पा मारत बसल्या. "आजी, ये पत्थर खाता क्या है?" तिने विचारलं. "हवा खातो, पण तुझ्यासारखाच रेंगाळत जेवतो," ताई म्हणाल्या. मला रडता रडता हसू आलं.

यंदा पंचाहत्तरीत ताईंनी नव्याने सुरुवात केली आहे, स्वतःच्या पेन्शनीवर. हरजिंदरसिंगजींनी दुसरं शेत दिलंय आणि अर्ध्या भागाभोवती स्वतःच दोरी बांधलीय.

ताई, दगड सावकाश झिजतो, उत्तराला काही वर्षं लागतील, असं तुम्हीच सांगता. मग गुडघ्यांच्या गोळ्या चुकवू नका, उन्हात टोपी घालत जा. देवाकडे तुमच्यासाठी आयुष्य मागताना आमचा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. उत्तर 'हो' येवो की 'नाही', ते आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे. दुसऱ्या कुणी सांगितलं तर आमचा विश्वास बसायचा नाही.