मुळ्याचं लग्न

काकाजींनी डाव्या हाताने पेगबोर्ड माझ्याकडे ढकलला. पेगबोर्ड म्हणजे भोकांची फळी, तिच्यात खुंट्या खोचायच्या. "हे लेकरायचं काम हाय," ते म्हणाले. "मले कापूस पाह्यचा हाय."

मी सेवाग्रामजवळच्या एका दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. फिजिओ माणसाला चालवतो, आम्ही त्याला शर्टाचं बटण लावायला शिकवतो, असं मी पाहुण्यांना समजावतो. ऐकून ते मला आपली दुखरी कंबर दाखवतात.

काकाजी हिंगणघाटचे कापसाचे व्यापारी. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा, तंतूची लांबी बघायची आणि भाव बोलायचा, हा त्यांचा धंदा. लकव्याने उजवी चिमूट गेली. ती परत आली नाही तर दुकानाच्या गादीवर बसून नुसता चहा प्यायचा. आणि पहिल्या काही महिन्यांत जे येतं, ते नंतर सहज येत नाही.

शेवटी मी माझ्या मुलीचा टॅब दवाखान्यात नेला. त्यात एक जपानी गेम होता. नवरदेव म्हणजे मुळा. त्याला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून मांडवात पोचवायचं. जास्त दाबला तर तो रस्त्यात बसून रडतो, सैल धरला तर चिखलात पडतो. पॉइंट नाहीत, शत्रू नाही. यात आहे काय, असं मुलीला विचारायला एका रविवारी मी टॅब हातात घेतला होता, आणि तो सुटेना म्हणून घरच्यांनी माझ्याशिवाय जेवून घेतलं.

नवरी कोण, काकाजींनी विचारलं. गाजर, मी म्हणालो. स्थळ त्यांना पटलं.

वाटेत बांधावर एक बेडूक बसलेला असतो. उचलता येतो, उपयोग शून्य. काकाजी तिथे थांबले.

"हा मामा दिसते."

"काकाजी, तो नुसता शोभेला आहे."

"नवरदेव एकटा जाऊन राह्यला, अन् मामाले बांधावर ठेवता?"

मग मुळा थोडा पुढे न्यायचा, ठेवायचा, मागे येऊन मामा आणायचा. बेडूक निसरडा, म्हणजे व्यायाम दुप्पट.

एकदा विभागप्रमुख मॅडम राउंडला आल्या. हे काय, म्हणाल्या. फाइन मोटर, म्हणजे बोटांची बारीक कामं, असं मी सांगितलं. मग बेडूक कशाला?

"मामा हाय," काकाजी मान वर न करता म्हणाले. मॅडम हिंगणघाटजवळच्या वडनेरच्या, मामाशिवाय लग्न लागत नाही हे त्यांना ठाऊक. त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

लग्न लागायला काही आठवडे गेले. त्यानंतर मी काकाजींसमोर कापूस ठेवला. त्यांनी चिमूट धरली. कापूस सुटला नाही. त्यांनी ओढून उजेडात पाहिला.

"लय आखूड. कोण घेते हा माल?"

आम्हीच घेतो. ड्रेसिंगचा होता.

आता ते सकाळपुरते गादीवर बसतात. मी शिकलो ते एवढंच की रुग्णाला व्यायामाचे फायदे सांगत बसू नये. घरात कार्य आहे म्हणावं.