ओल्या फडक्याखालच्या बाई

पनवेलमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, मुंज, साखरपुडा, म्हणाल ते काढते. मी तशी घाबरट नाही. मेलेल्या माणसांचे फोटो काढून घरी येऊन पोटभर जेवलेली बाई आहे मी. पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा जा म्हणालात, तर शंभर कारणं सांगेन.

आमच्या शाळेच्या हॉलमध्ये भूगोलाच्या बाईंचा अर्धपुतळा बसवायचा होता. बाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. पुतळा करणारे त्यांचे यजमानच, आमचे काका, जन्मभर हेच काम केलेले. स्मरणिकेसाठी त्यांचा पुतळ्यासोबत फोटो हवा होता, म्हणून समितीने मला पिटाळलं. माजी विद्यार्थिनी ना, फुकटात काम होतं!

शेड त्यांच्या घरामागेच होती. दुपारचे बारा, बाहेर रिक्षांचा गोंगाट, आणि आत पाऊल टाकलं तर विहिरीत उतरल्यासारखा गारवा. फळ्यांवर ओळीने मातीची डोकी, ओल्या फडक्यांत गुंडाळलेली. माती सुकली की तडकते, म्हणून. फडक्यांवरून नाकं, हनुवट्या कळत होत्या. कुठेतरी टप टप पाणी गळत होतं. 

"ये गं," काका म्हणाले. "तुझ्या बाईंचं तोंड धुवायचंच होतं."

ते हसले तसं त्यांचं तोंड डावीकडे ओढलं गेलं. गेल्या वर्षी तोंडावरून वारं गेलं होतं, हे समितीवाल्यांनी सांगितलं होतं. डावा डोळाही अर्धवट मिटलेला.

फडक्याची गाठ सोडता सोडता ते बोलत होते. बाई गेल्या त्याच वर्षी त्यांनी हे डोकं केलं, पण त्याचा साचा काही काढला नाही. साचा काढला की आतली माती फोडावी लागते, आणि ते त्यांच्याने होईना. मग अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ पाणी मारून माती ओली ठेवली. वर दर वाढदिवसाला बाईंना एका वर्षाने मोठं केलं. इथे एक सुरकुती, तिथे गाल जरा उतरवलेला.

"फोटो बघून?" मी विचारलं.

"फोटो कुठले! घरात पाणी शिरलं तेव्हा सगळ्यांचा लगदा झाला. ती इथे आहे की," म्हणत त्यांनी मला दोन्ही पंजे दाखवले.

फडकं निघालं. अंबाडा बाईंचा, कपाळ बाईंचं. मी काकांना पुतळ्याला चिकटून उभं केलं, कॅमेऱ्याला डोळा लावला, दोघांचे चेहरे एका चौकटीत घेतले आणि माझं बोट बटणावरच थांबलं. डावीकडे ओढलेलं तोंड. अर्धवट मिटलेला डावा डोळा. दोन्हीकडे. त्या अंबाड्याखाली काकांचाच चेहरा होता आणि तो दोन ठिकाणांहून माझ्याकडे बघत होता. अगं आई गं! कशीबशी मी बटण दाबत राहिले.

"तू सहा वर्षं तिच्यासमोर बसलीस," काका म्हणाले. "उद्या साचेवाला येतोय. मग काही बदलता यायचं नाही. हल्ली डोळे मिटले तरी ती मला नीट दिसत नाही गं. खरं सांग, हीच ना ती?"

एरवी फटकळ म्हणून गावभर मिरवते मी, पण अकरा वर्षं पाणी घालणाऱ्या माणसाला काय सांगायचं? शिवाय, खोटं कशाला बोलू, मला तिथून कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं.

"हुबेहूब, काका," मी म्हणाले.

त्यांनी मातीच्या गालावरून हात फिरवला. "चला, सुटलो एकदाचा," म्हणाले.

पुतळा बसला. हार झाले, भाषणं झाली. माझ्या वर्गातल्या बायका "अगदी बाईच गं!" म्हणत होत्या. त्या माझ्यासारख्या खोटं बोलत होत्या की खरंच विसरल्या होत्या, देव जाणे. स्मरणिकेत छापायला मी मुद्दाम बाजूने काढलेला फोटो सुचवला होता. पण मेल्या समितीने सगळेच मागून घेतले आणि समोरचा छापला, चांगला पानभर.

चार दिवसांनी काका माझ्या स्टुडिओत आले. ते पान उघडून त्यांनी काउंटरवर ठेवलं. आधी एका चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. 

"तुला तेव्हाच दिसलं होतं?"

मी हो म्हणून मान हलवली. माफी मागायची होती, पण रडूच फुटलं. लाज वाटली मला स्वतःची.

"मग बोलायचंस ना गं," ते म्हणाले. जरासुद्धा चिडले नाहीत. "माती ओली होती तेव्हा. तू म्हणाली असतीस, ओठ असे होते, डोळे असे होते. दोघांनी मिळून शोधली असती तिला."