सासूबाईचं चौथं शिंगरू

माझी आत्या एकोणतीस वर्षं एका स्टड फार्मवर कामाला होती. घोडी व्यायला आली की तिच्याजवळ राहायचं, शिंगरू उभं राहिलं का, चीक प्यायलं का ते बघायचं आणि दूध तुटेपर्यंत त्याला सांभाळायचं, हे तिचं काम. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "सासू आहे की मला, तबेल्यात." तिच्या लाडक्या करड्या घोडीला सगळे सासूबाई म्हणायचे. पाठ फिरवली की चावायची.

सासूबाईचा जोड कोणाशी लावायचा, हे मॅनेजर आत्यालाच विचारत. आत्याने निवडलेला घोडा सासूबाईच्याच घराण्यातला होता. दोघांचा पणजोबा एक. त्याचा मोठा फोटो ऑफिसात मॅनेजरच्या खुर्चीमागे लावलेला. आत्या अभिमानाने सांगायची, "घरातलं घरात. असलं रक्त बाहेर कशाला घालवायचं?"

पहिलं शिंगरू देखणं निघालं. पावणेदोन महिन्यांचं झालं आणि नाक वाहू लागलं, मग खोकला, मग जुलाब. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. आठवड्याभरात गेलं. मॅनेजर काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच आत्याने मनाला लावून घेतलं.

दुसऱ्या खेपेला तिने कंबर कसली. रोज लादी चुन्याने घासायची, गमबूट दारातच फिनेलच्या पाण्यात बुडवायचे, आत दुसऱ्या कोणाला येऊ द्यायचं नाही. घोड्यांना खरारा करणारा मोतद्दार चिडवायचा, "आत्याबाई, आंघोळ करून आलोय हो मी!"

"अंगाला केलीस. त्या तोंडाला कधी करणार?"

शिंगरू जगलं, चांगलं दोन वर्षांचं झालं. आत्याने देवापुढे हात जोडले, पण मनाशी धरलं ते घासण्यालाच.

तिसरं शिंगरू झालं त्या वर्षी माझं लग्न होतं. आत्या दोन दिवस आली, हौसेने सगळीकडे मिरवली. परत गेली आणि तीन आठवड्यांत ते शिंगरू खोकू लागलं. तेही गेलं. मला ती कधी एका शब्दाने बोलली नाही. पुढे मी फोटो दाखवायला नेले, तेव्हा एका फोटोवर बोट ठेवून एवढंच म्हणाली, "या दिवशी झाडू मी मोतद्दाराकडे दिला होता." मी अल्बम मिटून पिशवीत टाकला.

मधलं एक वर्ष घोडी गाभण राहिली नाही. मग चौथं झालं, आणि आत्याने स्वतःला कोंडूनच घेतलं. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. तिला घेऊन फाटकाशी गेले तर आत्या वीस पावलांवरच थांबली. हात चुन्याने सोलवटलेले, डोळे खोल गेलेले.

"तिचं नाक वाहतंय का गं?"

"थोडंसं."

"मग तिथूनच दाखव."

मी तिथूनच दाखवली. राग आला होता. पण साठीला टेकलेली ही बाई दिवसभर गुडघ्यांवर बसून लादी घासते, हेही दिसत होतं. शिंगराला तिने एकदाही गवतावर सोडलं नव्हतं. घरी येताना मी देवाकडे एवढंच मागितलं, की हिला पोटभर झोप मिळू दे.

त्याच सुमारास फार्मवर नव्या डॉक्टरीणबाई आल्या. जुन्या नोंदी वाचून त्यांनी घोडा, घोडी आणि शिंगरू, तिघांचं रक्त तपासायला पाठवलं. उत्तर आलं त्या दिवशी मी आत्याचा डबा घेऊन ऑफिसात गेले होते; आत्यालाही तिथेच बोलावलं होतं.

"मावशी, हा जन्माचाच आजार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोगाशी लढणारं जे रक्तात तयार व्हावं लागतं, ते याच्या अंगात तयारच होत नाही. आईच्या चिकातून मिळालेलं बळ पुरतं तोवर बरं दिसतं. दीड-दोन महिन्यांत ते सरतं."

"अजून घासलं तर?"

"थोडे दिवस वाढतील फार तर."

"मग दुसरं कसं जगलं?"

"आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच शिंगरू आजारी पडतं. एकाकडून आला तर काही होत नाही. सासूबाई बघा कशी धडधाकट आहे, पण दोष तिच्यातही आहे आणि त्या घोड्यातही, बहुधा एकाच पणजोबाकडून आलेला. अशा जोडीच्या चारांत साधारण एक आजारी निघतं. तुमच्या वाट्याला तीन आली."

"म्हणजे मी घासलं म्हणून ते जगलं नाही?"

"नाही."

"आणि हिच्या लग्नाला गेले म्हणून मेलं नाही?"

डॉक्टरीणबाई गोंधळून माझ्याकडे बघू लागल्या. "लग्नाचा काय संबंध, मावशी?"

मी डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिले.

 आत्या खुर्चीमागच्या पणजोबाच्या फोटोकडे बघून म्हणाली, "जोड लावला तिथेच चुकलं. तो मी लावला."

"सही माझी होती, बाई," मॅनेजर हळूच म्हणाले.

हाल होण्याआधी इंजेक्शन देऊन सोडवावं, असं डॉक्टरीणबाईंचं मत पडलं. आत्या म्हणाली, "खोकला लागेल त्या दिवशी द्या. त्याच्या आधी नाही."

ती उठली, तबेल्यात गेली. गमबूट बुडवले नाहीत. दार सताड उघडलं. सासूबाई बाहेर पडता पडता तिच्या बाहीला चावली. शिंगरू उंबऱ्याशी अडखळलं, गवताला पाय लावला, मागे घेतला, पुन्हा लावला. आणि मग जे सुटलं!

सोळा दिवस ते गवतावर हुंदडलं. सतराव्या दिवशी सकाळी खोकलं. आत्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळं संपेपर्यंत तोंडाने देवाचं नाव घेत राहिली. मॅनेजरना म्हणाली, "यापुढे जोड लावायचा तर आधी दोघांचं रक्त तपासा. मला विचारू नका."

दुपारी ती सरळ माझ्या घरी आली आणि खुर्चीत बसली.

"दे तिला इकडे."

"नाक वाहतंय गं अजून."

"वाहू दे."

मी मुलीला तिच्या मांडीवर दिलं. मुलगी पेंगेल असं मला वाटलं होतं. पाच मिनिटांत आत्याच झोपली.